अकरावा प्रश्न

प्रूफ वाचायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल फिरवत जायची. एकटा माणूस डोळ्यांनी वाचत गेला की जे असायला हवं तेच त्याला दिसतं, जे आहे ते दिसत नाही. शामसुंदररावांनी एकतीस वर्षं छापखान्यात हा नियम पाळला होता. तिथे मूळ प्रत वाचायला पगारी माणूस असे. निवृत्त झाल्यावर लग्नपत्रिका, समाजाची स्मरणिका, कुणाचा प्रबंध अशी कन्नड कामं घरी येऊ लागली, तेव्हा ती जागा शारदाबाईंकडे आली.

त्यांचं हे काम जेवणं आटोपल्यावर, दुपारी अडीचच्या सुमाराला चाले. बेंगळुरातल्या कॉटनपेटेत, त्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तेवढाच वेळ जरा शांत असे. खाली देवाप्पा शिंप्याच्या शिलाईयंत्राचा आवाज मात्र चालू राही. शारदाबाई चष्मा नाकावर घेऊन खणखणीत वाचत. पूर्णविराम आला की टेबलावर बोटाची एक टिचकी, प्रश्नचिन्हाला दोन. शामसुंदरराव प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणत आणि समासात पेन्सिलीने बारीक खूण करत. दिवसभरात त्या घरात सगळ्यात जास्त बोलणं होई ते या वेळी, आणि त्यातला एकही शब्द त्या दोघांचा नसे.

त्या दिवशी टेबलावर होती चोवीस पानांची एक पुस्तिका. घरात बाईवर होणारी हिंसा ओळखायची कशी, थांबवायची कशी, मदत कुठे मागायची, असा तिचा विषय. मूळ कन्नड. विद्याश्री नावाची त्यांच्याच समाजातली एक मुलगी बायकांच्या एका संस्थेत काम करत होती. मुलगी कसली, चाळिशीला आलेली बाई. पण अगदी लहानपणापासून पाहिलेली, म्हणून मुलगी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांच्या ती बैठका घेई. त्यातल्या कितीतरी निपाणी, खानापूर, भालकीकडून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या. कन्नड पुस्तिका त्या मोठ्या आदराने घ्यायच्या आणि तांदळाच्या डब्याखाली सारायच्या.

“काका, मराठीत करून द्या,” असं विद्याश्री म्हणाली तेव्हा शामसुंदररावांनी तीनदा नकार दिला होता.

“मी दुसऱ्याच्या चुका काढणारा माणूस. आपलं वाक्य लिहायचं म्हणजे हात चालत नाही माझा.”

“चालवा स्वल्प, थोडासा. तुमच्याशिवाय बेंगळुरात दुसरं कोण आहे असं मराठी येणारं?”

हे काही खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी काम घेतलं. त्यांचं लहानपण बेळगावात मामाकडे गेलं होतं, शाळा मराठी झाली होती, कपाटभर पुस्तकं वाचून झाली होती. चोवीस पानांना त्यांनी सात आठवडे लावले. ‘छळ’ लिहावं की ‘जाच’, यात चार दिवस गेले. रात्री दिवा मालवल्यावर वाटे, सगळंच चुकलंय. सकाळी वाचलं की वाटे, तितकं वाईट नाही. आता अक्षरजुळणी होऊन शेवटचं प्रूफ आलं होतं. पाच वाजता विद्याश्री ते न्यायला येणार होती आणि दुसऱ्या दिवशी दोन हजार प्रती छापायला जाणार होत्या. एकदा छापल्या की संपलं. दोन हजार कागदांवरची चूक कुणी खोडत बसत नाही.

पाच पानं बिनचूक गेली. शामसुंदररावांनी सहावं पान उचललं आणि बाजूला ठेवलं.

“हे राहू दे. हे मी पाहिलंय. सातवं घे.”

शारदाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “आपलं प्रूफ आपण पाहायचं नाही, म्हणून जगाला तुम्हीच सांगता ना?”

“अगं, नुसते प्रश्न आहेत. यादी आहे.”

“यादीतच चुका राहतात. हेही तुम्हीच सांगता.” त्यांनी कन्नड पान उलटून घेतलं. “वाचते. धरा पेन्सिल.”

सहाव्या पानावर बाईने स्वतःला विचारायचे प्रश्न होते. ‘यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर तुमच्या घरात जे चाललंय ते तुमचं नशीब नाही. ती हिंसा आहे,’ असं वर ठळक अक्षरांत होतं. हे वाक्य शामसुंदररावांना चांगलं जमलं होतं, असं विद्याश्रीनेही म्हटलं होतं.

शारदाबाई वाचू लागल्या. त्यांची शाळा इथलीच, कन्नड. मराठी त्यांची घरची भाषा, माहेरची आणि सासरची. पण ती बोलायची. शाळेत हिंदी होती तेवढ्या बळावर देवनागरी पाट्या वाचता येत. सलग मजकूर समोर आला की त्या हात जोडत. म्हणून मूळ त्यांच्या हातात, मराठी नवऱ्याच्या, आणि दोन्ही कागद एकमेकांना भेटत ते फक्त आवाजातून.

नवरा तुम्हाला मारतो का, ढकलतो का, केस धरून ओढतो का. टिचकी, टिचकी.

“हं.”

तुमच्या माहेरच्या माणसांना घरात यायला बंदी करतो का. टिचकी, टिचकी.

“हं.”

तुमचा पगार काढून घेतो का. मुलांसमोर तुमचा अपमान करतो का. तुमची इच्छा नसताना… शारदाबाईंचा आवाज तिथेही तसाच राहिला, सपाट, लग्नपत्रिकेत ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ वाचताना असतो तसा. फक्त एकदा थांबून त्या म्हणाल्या, “बाई गं, हे असं छापून दाखवायची वेळ आली.” दहावा प्रश्न होता, नवरा तुमचा फोन तपासतो का. त्यावर त्यांना हसू आलं.

“माझा तपासला तर काय सापडणार? अंबुबाईचे देवांचे फोटो.” अंबुबाई म्हणजे त्यांची जुनी शेजारीण.

शामसुंदरराव हसले नाहीत. ते पेन्सिल हातात घट्ट धरून बसले होते.

शारदाबाईंनी अकरावा प्रश्न वाचला आणि दोन टिचक्या मारल्या.

“हं,” ते म्हणाले. “पुढे.”

शारदाबाई पुढे गेल्या नाहीत. खाली देवाप्पाचं यंत्र एका लांब शिवणीवर धावत होतं. ते थांबेपर्यंत त्या थांबल्या.

“खूण केली नाही तुम्ही.”

“केली की.”

“नाही केली. बारा वर्षं मी समोर बसून वाचतेय. तुमच्या पेन्सिलीचा आवाज मला कळत नाही होय?” त्यांनी हात पुढे करून मराठी पान आपल्याकडे फिरवलं. मजकूर त्यांना लागला नसता, पण ओळी मोजता येत होत्या. बोट ठेवत ठेवत त्या खालपर्यंत आल्या. मग आपल्या पानावरचे मोजले. “तुमच्याकडे चौदा. माझ्याकडे पंधरा.”

ते पेन्सिलीचं टोक पाहू लागले.

“आउट आहे,” शारदाबाई म्हणाल्या. मुळातला मजकूर जुळणीत गळला, की छापखान्यात त्याला आउट म्हणत. हा शब्द त्या नवऱ्याकडूनच शिकल्या होत्या. “जुळणाऱ्याकडून गळला असेल. लिहा ना बाजूला.”

इथे शामसुंदररावांना सुटता आलं असतं. हो, गळला असेल, असं म्हणायचं आणि लिहून टाकायचं. पण चौदा आकडे सलग होते. गळलेल्या ओळीने पुढचे आकडे सावरून घेतलेले नसतात, आणि हे बायकोला आता कळेल की मग कळेल, एवढाच प्रश्न होता. शिवाय ते थकले होते. सात आठवडे हे पान त्यांच्या छातीवर बसलं होतं.

“गळला नाही,” ते म्हणाले. “मीच घेतला नाही.”

“का?”

“पान भरत होतं.”

“अहो.”

“आणि तो तिथे शोभत नाही, शारदे. तूच बघ. वर काय काय आहे? मारणं, जाळायची धमकी, घरातून काढणं. ज्या बाईच्या बरगड्या मोडल्यात तिला आपण विचारायचं, नवरा बोलत नाही का तुझ्याशी? ती हसेल. म्हणेल, न बोलला तर बरंच की बाई, तेवढं डोकं शांत. मूळ ज्यांनी लिहिलंय ती शिकलेली माणसं. त्यांना काय, यादी लांबवायची.” त्यांना वाटलं, हे आपण बरं मांडलं. सात आठवडे ते मनात हेच मांडत आले होते आणि त्यात थोडं तथ्यही होतं.

शारदाबाईंनी कन्नड पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं आणि अकरावा प्रश्न मनातल्या मनात वाचला. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हसेल ती, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“वाटलं मला.”

“मी नाही हसले.”

पंखा गरगरत होता. प्रुफांचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला अडकित्ता शामसुंदररावांनी उगाच इकडचा तिकडे केला.

“बालवाडीची गोष्ट काढायची आहे का तुला?” ते हळूच म्हणाले.

“मी कुठे काढली? तुम्हीच काढली. सात आठवड्यांपूर्वीच काढली, एकट्याने.”

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. चामराजपेटेत एक बालवाडी होती, तिथे शारदाबाईंना शिकवायला बोलावलं होतं. सकाळचे तीन तास. त्यांनी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला नाही. तो काहीच म्हणाला नाही. त्या नोकरीला लागल्या त्या दिवसापासून त्याने बोलणं थांबवलं. आरडाओरडा नाही, ताट भिरकावणं नाही. जेवण वाढलं की जेवायचा, पानावरून उठायचा, पुस्तक उघडायचा. गौरी-गणपतीत थांबलेलं बोलणं संक्रांतीला परत आलं. संक्रांतीच्या आधल्या दिवशी शारदाबाईंनी बालवाडी सोडली होती. तिळगूळ हातावर ठेवला तेव्हा तो म्हणाला, यंदा तीळ चांगला मिळाला. जणू मधल्या साडेचार महिन्यांत कुणी गप्प नव्हतंच.

शामसुंदररावांनी या गोष्टीला मनात नाव दिलं होतं, माझा स्वभाव. मी भांडू शकत नाही, असं ते स्वतःला सांगत. भांडणारा माणूस शब्द तरी शोधतो. मला शब्द सुचत नाहीत. आणि नंतरही जेव्हा जेव्हा, घर बदलायच्या वेळी, मुलाच्या, हर्षच्या लग्नाच्या वेळी, शारदाबाईंनी बहिणीबरोबर काशीला जायचं ठरवलं तेव्हा, काही मनाविरुद्ध झालं, की त्यांना तसेच शब्द सुचले नव्हते. आठवडाभर, पंधरा दिवस. शारदाबाईंनी मन बदललं की सुचले होते.

“मी कधी हात उचलला तुझ्यावर?” ते म्हणाले.

“नाही. एकदाही नाही. मी सगळ्या पेटेला तेच सांगत आले. अंबुबाई मार खाऊन रडायची, म्हणायची, तुझा देवमाणूस गं शारदा. मी म्हणायचे, हो बाई, देव. देवही बोलत नाहीतच.”

त्यात विनोद होता की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

“तेव्हा बोलायचं होतंस. सांगायचं होतंस मला त्रास होतोय म्हणून.”

“कुणाला सांगायचं होतं?”

शामसुंदररावांनी अडकित्ता उघडला आणि मिटला.

“तुम्ही चिठ्ठ्या ठेवायचात,” शारदाबाई म्हणाल्या. “आठवतं? प्रुफाच्या कागदाचे तुकडे. रात्री जेवणार नाही. दुधवाल्याला नाही सांग. तुमच्या त्या सुंदर अक्षरात, मराठीत. हाताने लिहिलेलं मला वाचता यायचं नाही. तुम्हाला माहीत होतं. मी पदराखाली घेऊन खाली अंबुबाईकडे जायचे, वाचून दे गं म्हणून. ती वाचायची आणि माझ्याकडे बघायची. मारापेक्षा ते बघणं लागायचं हो.”

आवाज चढला नव्हता. त्या मूळ प्रत वाचत असल्यासारख्या बोलत होत्या, अर्थाशी आपला संबंध नसल्यासारख्या, आणि मध्येच थांबून पाणी प्यायल्या.

“दमले मी,” त्या म्हणाल्या. “आता मला त्याचं काही करायचं नाही. एकोणसत्तर वर्षांची झाले. पण तिकडे कुणी तिशीची असेल. ती ही यादी वाचेल. दहा प्रश्न वाचून म्हणेल, नाही बाई, आमच्याकडे असलं काही नाही. मग बारावा वाचेल. म्हणेल, हेही नाही. आणि पुस्तक मिटून म्हणेल, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. तो प्रश्न तिचा होता. तुम्ही तो काढून घेतलात.”

चार वाजले होते. खाली कुणीतरी देवाप्पाशी ब्लाउजच्या गळ्यावरून कन्नडमध्ये वाद घालत होतं.

“जागा नाही पानावर,” शामसुंदरराव म्हणाले. आवाज पडला होता. “खरंच नाही. खालच्या ओळी पुढच्या पानावर जातील.”

“वरचं चित्र लहान करायला सांगा. तीन बायका बसल्यात कशाला तिथे? दोन पुरे.”

त्यांनी पेन्सिल ठेवली आणि लाल पेन घेतलं. दहाव्या आणि अकराव्याच्या मधे खूण केली, समासात रेघ ओढली आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर सवयीने वाचून दाखवलं : “पती दीर्घकाळ संभाषण टाळून तुमच्यावर मानसिक दबाव निर्माण करतो का?”

“अय्यो,” शारदाबाई म्हणाल्या. “हे कोण वाचणार? ती म्हणेल, छे छे, आमचे हे कधीच काही निर्माण करत नाहीत.”

शामसुंदररावांना हसू फुटलं आणि फुटताक्षणी त्यांना त्याची लाज वाटली.

“मग तूच सांग.”

“मी काय सांगणार? मला का लिहिता येतं?”

“सांग. मी लिहितो.”

शारदाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. बराच वेळ त्या काही म्हणाल्या नाहीत. शामसुंदररावांना ते गप्प बसणं सोसेना. आणि त्यांना हेही कळत होतं, की दोन मिनिटंच झालीयेत.

“तुम्ही त्याच्या मनासारखं करेपर्यंत,” त्या म्हणाल्या, “तो तुमच्याशी बोलणं बंद करतो का?”

त्यांनी लिहिलं. एकही शब्द बदलला नाही. मग खालचे चार आकडे एकेक करून वाढवले. उरलेली अठरा पानं दोघांनी वाचून संपवली, टिचक्या आणि हुंकारांसकट. काम होतं आणि पाचला ते द्यायचं होतं.

विद्याश्री आली ती साडेपाचला, घामाघूम. खांद्यावरची पिशवी तिने दारातच टाकली.

“सिल्क बोर्डच्या चौकात तासभर अडकले, काकू. बसमध्ये उभी. पाय गेले.” ती खुर्चीत कोसळली. “त्यात आज बैठकीला अकरा बायका येणार होत्या, चार आल्या. एकीचा नवरा दारात उभा राहिला बिडी ओढत. काय बोलणार त्या? मीच तासभर बोलले, रक्त वाढवायला पालेभाज्या खा म्हणून. तो गेला, तेव्हा पाण्याची गाडी आली. सगळ्या घागरी घेऊन पळाल्या.”

“कॉफी घे आधी,” शारदाबाई आत गेल्या.

विद्याश्रीने प्रुफं चाळायला घेतली. तिचे डोळे जड झाले होते. सहाव्या पानावरचं लाल पाहून ती थांबली.

“राहिला होता होय हा?”

“हं,” शामसुंदरराव म्हणाले. आणि मग, हे पुन्हा तेच होतंय असं वाटून, “राहिला नव्हता. मी गाळला होता. शारदेने पकडलं.”

“बरं झालं. या प्रश्नाला बायका आधी हसतात, काका. मग एकदम गप्प होतात. सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर जातो.” शारदाबाई कॉफी घेऊन आल्या, तसं तिने पान दिव्याकडे धरलं. “काय लिहिलंय बघू. ‘तुम्ही त्याच्या मनासारखं करेपर्यंत तो तुमच्याशी बोलणं बंद करतो का?’”

तिने ते मोठ्याने वाचलं आणि थांबली. तशी तिला सवयच होती. बैठकीत प्रत्येक प्रश्नानंतर ती मनात दहापर्यंत मोजत असे. कुणाला काही बोलायचं असलं तर तेवढी जागा हवी.

“हो,” शारदाबाई म्हणाल्या.

विद्याश्रीने कप घेण्यासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. तिने आधी शारदाबाईंकडे पाहिलं, मग शामसुंदररावांकडे, मग पुन्हा शारदाबाईंकडे.

“काकू?”

“प्रश्न वाचलास ना तू? मी उत्तर दिलं.” शारदाबाईंनी कप तिच्यासमोर ठेवला. “मला कुणी विचारलं नव्हतं आजवर. आता काही करायचंय असं नाही. पण कुणी विचारलं तर सांगायचं होतं एकदा. नीट. पहिल्यापासून.”

विद्याश्रीचा चेहरा दमलेला होता तो तसाच राहिला, फक्त ती खुर्चीत सरळ बसली. तिने प्रुफं बाजूला ठेवली.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही स्वल्प खाली जाऊन या.”

शामसुंदररावांना आधी कळलंच नाही. मग कळलं. नववं पान. कार्यकर्त्यांसाठी सूचना. ‘बाई बोलत असताना नवरा समोर नसावा. त्याला नम्रपणे, पण स्पष्टपणे बाहेर पाठवावं.’ ‘नम्रपणे, पण स्पष्टपणे’ या शब्दांवर त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली होती. विद्याश्रीच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य नव्हतं. दारात बिडी ओढणाऱ्या त्या माणसाशी ती याच आवाजात बोलत असणार.

त्यांनी शारदाबाईंकडे पाहिलं. राहू दे गं, बसू दे त्यांना, असं त्या म्हणतील असं त्यांना वाटलं. सत्तेचाळीस वर्षांत त्या असं कितीतरी वेळा म्हणाल्या होत्या, त्यांच्यासाठी, लोकांसमोर. शारदाबाई विद्याश्रीच्या शेजारची खुर्ची ओढून घेत होत्या.

ते उठले. चपला घातल्या. पैसे, फोन, काहीच न घेता जिना उतरले. मागे दार लागलं, आपटून नव्हे, नेहमीसारखं.

देवाप्पा दुकानात एकटाच होता. मघाचा ब्लाउज उसवत बसला होता. पेटेतल्या जुन्या मराठी शिंप्यांपैकी तो एक. शामसुंदररावांहून दहा वर्षांनी लहान, बोलायला अघळपघळ.

“काय अण्णा, या वेळी खाली? काही आणायचंय?”

“सुम्मने,” ते म्हणाले. उगाच.

“या मग, बसा.” त्याने पायाने स्टूल पुढे सारलं. “वर पाहुणे आहेत वाटतं? आवाज येतोय.”

आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. शारदाबाईंचाच आवाज, पण प्रूफ वाचताना असतो तसा खणखणीत नाही. मध्येच थांबणारा, पुन्हा मागे जाऊन सुरू होणारा. हा आवाज आपण ओळखतच नाही, असं शामसुंदररावांना क्षणभर वाटलं.

“शारदा बोलतेय,” ते म्हणाले.

“मग तुम्ही खाली आलात ते शहाणपणाचं,” देवाप्पा हसला. “बायका बोलायला लागल्या की आपण खालीच बरे. कुणाशी?”

“विद्याश्रीशी.” त्यांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य त्यांना सुचलं होतं. ते नीट नव्हतं, पण सुचलं होतं. “माझ्याबद्दल बोलतेय. मी तिला फार छळलं, देवाप्पा.”

देवाप्पाचा हात थांबला. हा विनोद असेल म्हणून त्याने अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि थोडा वेळ पाहतच राहिला. मग त्याने मान खाली घातली आणि एकेक टाका उसवू लागला.

“सरी,” तो म्हणाला. बरं, एवढंच.

रस्त्यावरचे दिवे लागले. कुणीतरी साडीला फॉल लावायला टाकून गेलं, कुणी चौकशी करून गेलं. किती वेळ थांबायचं ते नवव्या पानावर लिहिलेलं नव्हतं. वरून हाक आल्याशिवाय जायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. हाक येईलच असं काही नव्हतं. ते स्टुलावर, रहदारीकडे तोंड करून बसून राहिले, आणि वर तो आवाज थांबत होता, आणि पुन्हा सुरू होत होता.